मारियो सेंतेनो आणि पोर्तुगालच्या शिलकीचा वाद

२०१९ सालचा हिशेब लागला तेव्हा पोर्तुगालच्या तिजोरीत सगळा खर्च भागून थोडी शिल्लक उरली होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही ती कमी होती. तरी १९७४ च्या एप्रिल क्रांतीनंतर लोकशाही पोर्तुगालने असे वर्ष पहिल्यांदाच पाहिले. २०१० मध्ये याच देशाची तूट अकरा टक्क्यांच्या वर गेली होती आणि पुढच्याच वर्षी त्याला परक्यांपुढे हात पसरावे लागले होते. ही मजल ज्यांच्या नावावर जमा होते ते अर्थमंत्री मारियो सेंतेनो हे मुळात राजकारणी नव्हेत. मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात रोजगार आणि वेतन यांचा अभ्यास करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. शिलकीचे श्रेय नेमके कोणाचे, तिची किंमत कोणी मोजली आणि अर्थमंत्र्याने पद सोडल्यावर थेट मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर व्हावे का, या तीन प्रश्नांवर पोर्तुगालमध्ये दहा वर्षे वाद चालू आहे. तो आज कुठवर आला आहे, हे इथे पाहायचे आहे.

पोर्तुगालमधला अर्थशास्त्राचा प्राध्यापक सत्तेवर आला असे म्हटले की आपल्याकडे, विशेषतः गोव्यात, एकच नाव आठवते. कोइंब्रा विद्यापीठातून १९२८ मध्ये अर्थमंत्रिपदावर आलेल्या सालाझार यांनी वर्षभरात अंदाजपत्रक जुळवले, १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत त्यांनी सत्ता सोडली नाही. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांना गोवा मुक्त झाल्यानंतरही कित्येक वर्षे लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात काढावी लागली, ती याच राजवटीमुळे. ही आठवण पोर्तुगालच्या राजकारणातही जिवंत आहे. जमाखर्च जुळवणे हा तिथे बराच काळ उजव्यांचा मंत्र मानला जात असे आणि डाव्यांना त्याला हुकूमशाहीचा वास येई. एका समाजवादी सरकारने तो आपला म्हणून मिरवावा, ही म्हणूनच लहान गोष्ट नाही. त्या सरकारचे पंतप्रधान अंतोनियो कोस्टा यांचे घराणे गोव्याचे. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्टा, मडगावात लहानाचे मोठे झाले आणि पुढे सालाझारच्या विरोधात उभे राहिले.

संकटाची पार्श्वभूमी

पोर्तुगालचे दुखणे २०११ चे नव्हे. युरो स्वीकारल्यावर कर्ज स्वस्त झाले, परदेशी पैसा आला आणि तरीही २००० नंतरचे दशक जवळजवळ वाढीविना गेले. अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार यांनी २००७ मध्येच युरोच्या चौकटीतली पोर्तुगालची अडचण मांडली होती. मजुरी उत्पादकतेच्या पुढे धावली आहे, चलनाचे अवमूल्यन करण्याची सोय उरलेली नाही, तेव्हा सावरायला फार वेळ लागेल आणि त्रासही होईल, असे त्यांचे निदान होते. पोर्तुगीज अर्थतज्ज्ञ रिकार्दो रेइस यांनी २०१३ मध्ये वेगळ्या जागी बोट ठेवले. बाहेरून आलेला पैसा निर्यातक्षम उद्योगांपेक्षा देशांतर्गत बाजारापुरत्या, कमी कार्यक्षम व्यवसायांत मुरला आणि त्यांनी चांगल्या उद्योगांची वाढ खुंटवली, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या श्रेयवादात ही दोन्ही निदाने पुन्हा पुन्हा डोकावतात.

एप्रिल २०११ मध्ये पोर्तुगालने मदत मागितली. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटाने ७८ अब्ज युरो देऊ केले आणि सोबत अटींची यादी दिली. पेद्रो पासोस कोएल्यो यांच्या उजव्या आघाडीने ती राबवली, त्यांचे अर्थमंत्री होते व्हितोर गास्पार. सरकारी नोकरांचा सुटीचा आणि नाताळचा जादा पगार २०१२ मध्ये थांबला, २०१३ मध्ये प्राप्तिकर कडाडला, चार सार्वजनिक सुट्ट्या रद्द झाल्या. २०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी १७ टक्क्यांच्या पुढे गेली आणि दरवर्षी लाखाहून अधिक माणसे देश सोडून जाऊ लागली. मे २०१४ मध्ये कार्यक्रम संपला आणि वाढ हळूहळू परतली. २०१५ ची तूट तरीही साडेचार टक्क्यांच्या आसपास होती.

संशोधक सेंतेनो

सेंतेनो यांचा जन्म १९६६ चा, दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह प्रांतातल्या ओल्याव या मच्छीमारांच्या गावचा. लिस्बनमध्ये शिक्षण घेऊन ते हार्वर्डला गेले, तिथून डॉक्टरेट घेऊन २००० मध्ये बँक ऑफ पोर्तुगालमध्ये रुजू झाले आणि संशोधन विभागाच्या उपसंचालकपदापर्यंत पोहोचले. हा विभाग म्हणजे पोर्तुगीज अर्थमंत्र्यांची तालीमच आहे. पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेले कावाको सिल्व्हा तिथलेच, गास्पारही तिथलेच. कडक काटकसर राबवणारा आणि ती उलटवण्याचे वचन देऊन आलेला, असे दोघेही एकाच संस्थेतून घडले, हे वाद समजून घेताना ध्यानात ठेवायला हवे. दोघांची परिभाषा एकच होती.

सेंतेनो यांचा विषय पोर्तुगालचा दुभंगलेला श्रमबाजार. एका बाजूला कायम नोकरीतले, ज्यांना काढणे अवघड, आणि दुसऱ्या बाजूला मुदतीच्या करारावरचे, मुख्यतः तरुण, ज्यांच्यावर सगळी अस्थिरता येऊन पडते. २००४ मध्ये ११ ते २० कामगारांच्या आस्थापनांना बडतर्फीविरुद्धचे कडक नियम लागू झाले. सेंतेनो आणि आल्व्हारो नोव्हो यांनी या बदलाचा बारकाईने माग काढला. कायम नोकरीचे संरक्षण वाढले की मालक मुदतीच्या नोकऱ्यांकडे वळतात आणि त्या नोकऱ्यांतली ये-जा वाढते, असे त्यांना आढळले. सामान्य वाचकांसाठी २०१३ मध्ये लिहिलेल्या श्रमविषयक पुस्तकातही हाच सूर आहे. म्हणजे समाजवादी पक्षाने आपल्याकडे ओढला तो विद्वान डाव्या कामगार संघटनांना रुचणारा नव्हता.

२०१५ ची जुळणी

एप्रिल २०१५ मध्ये समाजवादी पक्षाने निवडणुकीपूर्वी दहा वर्षांचा आर्थिक आराखडा मांडला. त्याच्या अर्थतज्ज्ञ गटाचे नेतृत्व सेंतेनो यांच्याकडे होते. पक्षाने वचने आधी द्यायची आणि पैशाचे नंतर पाहायचे या प्रथेला फाटा देऊन प्रत्येक वचनाचा तूट आणि रोजगार यांवर काय परिणाम होईल, हे त्यांनी आकड्यांत मांडले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्ष दुसरा आला. उजव्या आघाडीला ३८ टक्क्यांच्या आसपास मते होती, पण बहुमत नव्हते. त्यांचे सरकार संसदेत पडले आणि डावा गट, कम्युनिस्ट आणि हरित पक्ष यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर कोस्टा यांनी २६ नोव्हेंबरला शपथ घेतली.

या पाठिंब्याच्या वाटाघाटीत सेंतेनो यांच्या आराखड्यातली त्यांची स्वतःची म्हणता येतील अशी कलमे गळाली. कामगार कपातीसाठी तडजोडीची नवी पद्धत गेली, कामगारांची सामाजिक सुरक्षेची वर्गणी घटवण्याची कल्पनाही गेली. उरले ते पगार पूर्ववत करणे, जादा कर हटवणे, किमान वेतन वाढवणे. संशोधक सेंतेनो आणि मंत्री सेंतेनो यांच्यातली ही फारकत उजवे टीकाकार आवर्जून दाखवतात. त्यात तथ्य आहे. पण ज्या माणसाने आपले इतक्या वर्षांचे मत बाजूला ठेवून दुसऱ्यांचा कार्यक्रम चालेल असा हिशेब बांधून दिला, त्याची राजकीय समजही यात दिसते, असे मला वाटते.

तूट कशी घटली

सुरुवात डळमळीत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रसेल्सने पहिलेच अंदाजपत्रक जवळजवळ परत पाठवले. शेवटी तुटीचे लक्ष्य २.६ वरून २.२ टक्क्यांवर आणावे लागले आणि पेट्रोल-डिझेलवरचा कर लिटरमागे सहा सेंटने वाढला. जूनमध्ये जर्मन अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांनी पोर्तुगालला पुन्हा मदत मागावी लागेल असे सूचित करून बाजारात खळबळ उडवली. आधीच्या वर्षांतल्या तुटीबद्दल दंडाची टांगती तलवार होती, ती ऑगस्टमध्ये शून्य दंड ठरून टळली. वर्ष संपले तेव्हा तूट दोन टक्क्यांच्या आसपास, लोकशाहीच्या काळातली तोवरची सर्वांत कमी होती. मे २०१७ मध्ये तेच शॉयब्ले सेंतेनो यांना युरोपीय अर्थमंत्र्यांमधला रोनाल्डो म्हणाल्याच्या बातम्या आल्या.

याच काळात सरकारी पगार टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाले, सरकारी नोकरांचा कामाचा आठवडा पुन्हा ३५ तासांचा झाला, चार सुट्ट्या परत आल्या, उपाहारगृहातल्या जेवणावरचा व्हॅट २३ वरून १३ टक्के झाला आणि किमान वेतन ५०५ युरोंवरून २०१९ पर्यंत ६०० वर गेले. मग खर्च वाढवूनही तूट घटली कशी? उत्तर तीन ठिकाणी आहे. व्याजाचा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेचार टक्क्यांहून अधिक होता, तो २०१९ पर्यंत तीनच्या आसपास आला. रोजगार वाढला, बेरोजगारी १२ वरून साडेसहा टक्क्यांवर आली आणि तेवढ्याने कर व वर्गण्या फुगल्या, भत्ते घटले. तिसरी गोष्ट म्हणजे सार्वजनिक गुंतवणूक. २०१६ मध्ये ती उत्पन्नाच्या दीड टक्क्यावर होती. २०१० मध्ये ती पाच टक्क्यांच्या वर होती.

श्रेय कोणाचे

सरकारची बाजू सोपी होती. लोकांच्या हातात पैसा परत आला, भीती ओसरली, धंदेवाल्यांनी माणसे घेतली, तिजोरी भरली. काटकसरीला पर्याय नाही हे म्हणणे खोटे ठरले. २०१७ ची साडेतीन टक्के वाढ ही २००० नंतरची सर्वाधिक होती, हा त्यांचा पुरावा.

उजव्यांचे उत्तर असे की झाड त्यांनी लावले, फळे दुसऱ्यांनी खाल्ली. २०१२ चा श्रमकायदा, निर्यातीकडे वळलेले उद्योग, घटलेली तूट हे सगळे आधी घडले होते. निर्यातीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा ३० टक्क्यांवरून ४० च्या पुढे गेला, त्यातली बरीच चढण २०१५ पूर्वीची आहे, आणि बेरोजगारीही २०१३ पासूनच उतरू लागली होती. हा मुद्दा भक्कम आहे. करांचा एकूण बोजा २०१८-१९ मध्ये विक्रमी पातळीवर गेला, हाही त्यांचा आक्षेप. वाढत्या रोजगाराच्या वर्गण्यांमुळे हे प्रमाण चढले असे सरकारचे उत्तर असे, पण इंधनकर वाढले होते हे कोणी नाकारत नाही.

तिसरी बाजू बाहेर बोट दाखवते. युरोपीय मध्यवर्ती बँकेने मार्च २०१५ पासून सरकारी रोख्यांची मोठी खरेदी सुरू केली, तेल स्वस्त झाले, लिस्बन आणि पोर्तो पर्यटकांनी फुलून गेले. पोर्तुगाल कोणाच्याही हाती असता तरी सावरलाच असता, असे या बाजूचे टोक. पण बाहेरचे वारे पोर्तुगालला अनुकूल तेव्हाच ठरले, जेव्हा रोखेबाजाराचा विश्वास बसला. स्टँडर्ड अँड पुअर्सने सप्टेंबर २०१७ मध्ये आणि फिचने डिसेंबरमध्ये पोर्तुगालचे मानांकन पुन्हा गुंतवणूकयोग्य केले. डाव्यांच्या पाठिंब्यावरचे सरकार तूट घटवत आहे, हे पाहिल्याशिवाय ते झाले नसते. माझ्या मते सेंतेनो यांचे निर्विवाद श्रेय इथे आहे. वाढ त्यांनी आणली असे ठामपणे म्हणता येत नाही. वाढीतून आलेला पैसा त्यांनी हातचा जाऊ दिला नाही, हे मात्र म्हणता येते.

रोखलेला पैसा

चौथी बाजू मित्रपक्षांची आणि ती सर्वांत अस्वस्थ करणारी. संसदेने मंजूर केलेल्या निधीचा काही भाग अर्थमंत्रालय आपल्या परवानगीवाचून खर्चू देत नाही. ही पद्धत जुनी, सगळ्याच सरकारांनी वापरलेली. २०१६ मध्ये मात्र वर्षाअखेर नव्वद कोटी युरोंहून अधिक रक्कम मोकळीच झाली नाही, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाचा अर्धा टक्का. डाव्या गटाने आणि कम्युनिस्टांनी ज्या अंदाजपत्रकाला हात वर केले होते, त्याचा हा भाग प्रत्यक्षात खर्च झालाच नव्हता.

याचा अर्थ रुग्णालयात कळतो. कायम जागेवर परिचारिका घ्यायची तर आरोग्य खात्याची संमती पुरत नसे, अर्थखात्याची सही लागे. पोर्तोच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कर्करोग झालेल्या मुलांवर कित्येक वर्षे तात्पुरत्या कंटेनरांत उपचार होत होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये पालकांनी ते चव्हाट्यावर आणले. नव्या विभागाचा पैसा ठरलेला होता, परवानगीचा कागद अडला होता. ही दुरवस्था सेंतेनो यांच्या आधीपासूनची होती, हेही सांगायला हवे. पण त्या काही आठवड्यांत संसदेत वारंवार विचारले गेले की आरोग्य खाते चालवते कोण. आरोग्यमंत्री अदाल्बेर्तो काम्पोस फेर्नांदेस यांनी आपण सगळेच सेंतेनो आहोत असे उत्तर दिले, आणि ते वाक्य त्यांना कायमचे चिकटले.

शिक्षकांचा तंटा असाच. बढती गोठवलेल्या काळातली नऊ वर्षे, चार महिने आणि दोन दिवसांची सेवा मोजा, अशी त्यांची मागणी होती. हा आकडा मोर्च्यांच्या फलकांवर असे. सरकारने दोन वर्षे, नऊ महिने, अठरा दिवस देऊ केले. मे २०१९ मध्ये उजवे आणि डावे पक्ष समितीत एकत्र आले आणि सगळा काळ मोजण्याच्या बाजूने मत दिले. कोस्टा यांनी राजीनाम्याचा इशारा दिला, उजवे मागे हटले, प्रस्ताव सभागृहात पडला. त्या वर्षी शिल्लक उरली. सरकारचे समर्थक म्हणतात, हा कायमचा खर्च होता आणि कर्ज अजून उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या वर होते. ते नाकारता येत नाही. पण अंदाजपत्रकात लिहिलेले आणि प्रत्यक्षात दिलेले यांत एवढी फट राहिली तर संसदेच्या मताला काय अर्थ राहतो, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

ब्रसेल्समधली अडीच वर्षे

डिसेंबर २०१७ मध्ये युरो गटाच्या अर्थमंत्र्यांनी सेंतेनो यांना अध्यक्ष निवडले. मदत घेतलेल्या देशाचा मंत्री त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता. २०१८ मध्ये ग्रीसचा कार्यक्रम संपला, तेव्हा त्यांनी केलेल्या आनंदाच्या चित्रफितीवर त्यांच्या स्वतःच्या पक्षातूनही टीका झाली. ग्रीक जनतेने काय सोसले याचा त्यात मागमूस नव्हता. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या धक्क्यात, नेदरलँड्सच्या विरोधामुळे रात्रभर लांबलेल्या बैठकीनंतर ५४० अब्ज युरोंच्या उपायांवर एकमत झाले. युरोक्षेत्राचे समाईक अंदाजपत्रक मात्र त्यांच्या काळात नावापुरतेच उरले.

मंत्रालयातून बँकेत

जून २०२० मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि जुलैत ते बँक ऑफ पोर्तुगालचे गव्हर्नर झाले. मंत्रिपद आणि गव्हर्नरपद यांत काही वर्षांचे अंतर हवे, असे विधेयक संसदेत आले, पण नेमणूक अडली नाही. विरोधकांचा मुद्दा नेमका होता. नोव्हो बँकेची ७५ टक्के मालकी लोन स्टार या अमेरिकी निधीला गेली ती सेंतेनो मंत्री असताना. त्या बँकेचे तोटे भरायला ३.८९ अब्ज युरोंपर्यंतची हमी दिली गेली, आणि हमीचा पैसा देणारा निधी मध्यवर्ती बँकेच्या छत्राखाली चालतो. आपल्याच निर्णयावर देखरेख कशी करणार? समर्थक म्हणत, माणूस बँकेतच घडला, पात्रतेचा प्रश्न नाही, आणि समाजवादी पक्षाचे माजी सरचिटणीस व्हितोर कोंस्तांसियो यांनीही हे पद सांभाळले होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. न्यायालयीन चौकशीच्या छायेत कोस्टा यांनी राजीनामा दिला आणि आपल्या जागी सेंतेनो यांचे नाव सुचवल्याचे सांगितले. राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो दे सोझा यांनी ते न मानता निवडणूक लावली. बँकेच्या नीतिसमितीने गव्हर्नरांना दोषी धरले नाही, पण अशा घडामोडींनी संस्थेच्या प्रतिमेला धक्का लागू शकतो याची नोंद केली. २०२५ मध्ये उजव्या सरकारने त्यांना दुसरी मुदत दिली नाही. त्यांच्या जागी आलेले आल्व्हारो सांतोस पेरेइरा हेही माजी मंत्रीच, पासोस कोएल्यो यांच्या मंत्रिमंडळातले. पक्ष बदलला, प्रथा तशीच राहिली. म्हणून हा प्रश्न एका माणसाच्या सचोटीचा न मानता नियमाचा मानावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू मला अधिक पटते.

काय उरले आहे

सेंतेनो गेल्यावर धोरण बदलले नाही. त्यांचे अंदाजपत्रक सचिव जुआँव लेआँव मंत्री झाले, मग फेर्नांदो मेदिना आले. २०२३ मध्ये शिल्लक एक टक्क्याच्या वर गेली, कर्ज उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांखाली उतरले, आणि २०२४ च्या उजव्या सरकारनेही शिल्लक राखली. तुटीबाबत पोर्तुगालमध्ये आता पक्षभेद उरलेला नाही.

उघडे प्रश्न दुसरीकडे आहेत. उत्पादकता अजूनही युरोपच्या मागे रेंगाळते आहे. संशोधक सेंतेनो यांनी वर्णिलेला दुभंगलेला श्रमबाजार मंत्री सेंतेनो यांच्या काळातही मूलतः तसाच राहिला. दीड-दोन टक्क्यांच्या सार्वजनिक गुंतवणुकीत गेलेल्या वर्षांनी रुग्णालये आणि रेल्वे यांचे किती नुकसान केले, याचा हिशेब तुटीच्या आकड्यात दिसत नाही. आणि शिक्षकांचे नऊ वर्षे, चार महिने, दोन दिवस? २०२४ मध्ये नव्या सरकारने बहुतेक संघटनांशी करार करून ते टप्प्याटप्प्याने मान्य केले, आणि तरीही शिल्लक उरली. २०१९ मध्ये हे शक्य नव्हते असे सेंतेनो यांचे समर्थक म्हणतात, कारण मधल्या महागाईने तिजोरी फुगली आणि कर्जाचे प्रमाण आपोआप घटले. २०१९ मध्येही ते परवडले असते, नको होते इतकेच, असे शिक्षक संघटना म्हणतात.